नाव नसलेले बोट

मी चौथीत असताना आदोळीवर, म्हणजे विळीवर, कैऱ्या कापायला बसलो आणि बोट कापून घेतले. आजी हळद घेऊन धावत आली आणि तिने विचारले, “खंयच्या बोटाक लागलां रे?” शाळेत त्याच आठवड्यात गुरुजींनी पाच बोटांची पाच नावे पाठ करून घेतली होती. मी रडत रडतच, पण मोठ्या ऐटीत सांगितले, “अनामिकेक.” आजीचा हळदीचा हात तसाच थांबला. “अनामिका? तें खंयचें चेडूं?” मी बोट पुढे केले. “करंगळेकडलें म्हण मरे!” असे म्हणून तिने हळद दाबली.

इब्रामपूर हा पेडणे तालुक्यातला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेला गाव. आमच्याकडे शाळेत मराठी, देवळातल्या कीर्तनात मराठी आणि चुलीपाशी कोकणी असा रिवाज. तेव्हा आजीला तो शब्द कळला नाही तो केवळ कोकणी-मराठीच्या फरकामुळे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. पुढे महाविद्यालयात आल्यावर घाटावरच्या मराठी मित्रांना सहज विचारले, तेव्हा कळले की त्यांच्याही आज्या ‘अनामिका’ म्हणत नाहीत. हा शब्द आपण सर्वांनी शाळेतच ऐकलेला असतो. प्रस्तुत लेखात ह्या साध्या गोष्टीचा थोडा माग काढावयाचा आहे. हाताला बोटे पाच, पण आपल्या तोंडात त्यांची नावे किती आहेत? आणि जी आहेत ती आली कोठून?

प्रथम पुस्तकातली नावे पाहू. अंगुष्ठ, तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि कनिष्ठा किंवा कनिष्ठिका ही संस्कृतातली मालिका अमरकोशात आलेली आहे. ‘तर्ज्’ म्हणजे धमकावणे, दटावणे. म्हणून जे बोट नाचवून दुसऱ्याला दटावतात ती तर्जनी. ह्याच बोटाला संस्कृतात ‘प्रदेशिनी’ असेही नाव आहे. तिचे काम दटावण्याचे नसून दाखविण्याचे. मध्यमा मधली, कनिष्ठा सर्वांत धाकटी. आणि अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. नाव नाही हेच जिचे नाव, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. त्याकडे पुढे वळू.

आता ह्या पाचांपैकी मराठीच्या तोंडी परंपरेने कोणती आली, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जो शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून येतो, तो वाटेत झिजतो. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो म्हणा ना! जो पुस्तकातून उचललेला असतो त्याचे कंगोरे शाबूत असतात. ‘ओष्ठ’चा ओठ झाला, ‘पृष्ठ’ची पाठ झाली, ‘मुष्टि’ची मूठ झाली. त्याच वाटेने ‘अंगुष्ठ’ प्राकृतात ‘अंगुट्ठ’ झाला आणि मराठीत अंगठा, आमच्या पेडण्यात आंगठो. हा शब्द अस्सल वारशाचा.

करंगळीचे तसेच. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘अंगुळी’ म्हणजे बोट, अशी फोड पुष्कळजण करतात. पण हाताचे बोट हे वर्णन पाचांनाही लागू पडते, मग ते धाकटीलाच का मिळावे? खरी फोड ‘कन’ आणि ‘अंगुलि’ अशी दिसते. कन म्हणजे लहान. कनिष्ठ, कनीयस् ह्या शब्दांत तो बसलेला आहे. उत्तरेकडे अवधीत करंगळीला ‘कनगुरिया’ म्हणतात, हिंदीत ‘कानी उँगली’ म्हणतात. तेथे तो ‘न’ अजून जागेवर आहे. आपल्याकडे त्याचा ‘र’ झाला आणि मागाहून लोकांना त्यात ‘कर’ दिसू लागला. शेवटचा ‘ळ’ मात्र आपला खास आहे. ‘फल’चे फळ, ‘काल’चा काळ, तशीच ‘अंगुलि’ची अंगुळी. जुन्या मराठीत आंगुळी हा शब्द बोटासाठी चालत असे. आता तो करंगळीच्या पोटातच काय तो उरला आहे. (अक्षरे गळण्याची ही खोड माणसांच्या जिभेलाच आहे. आमच्या गावाचे नावही इब्राहिमपूरचे इब्रामपूर झालेले असावे.)

आता मधल्या तिघी घेऊ. ‘गर्ज्’ पासून मराठीत ‘गाजणे’ आले. त्याच न्यायाने ‘तर्जनी’ घरातून चालत आली असती तर ती ‘ताजणी’ झाली असती. पालीत ‘तज्जनी’ असा शब्द आहेही, म्हणजे वाट अर्ध्यापर्यंत गेलेली होती. ‘मध्य’चे प्राकृतात ‘मज्झ’ आणि मराठीत ‘माज’ झाले. माजघर म्हणजे मधले घर. तेव्हा मध्यमेच्या नावात ‘माज’ दिसावयास हवा होता. ‘अनामिका’तला शेवटचा ‘क’ तर प्राकृतातच गळाला असता. पण ह्या तिन्ही शब्दांवर ओरखडासुद्धा नाही. ह्याचा अर्थ उघड आहे. ही नावे वापरून झिजलेली नाहीत, ती कपाटातून काढून दिलेली आहेत.

दुसरी कसोटी वाक्प्रचारांची. अंगठा दाखविणे, अंगठा उठविणे, अंगठाबहाद्दर. शाळेत करंगळी वर केली की काय हवे ते गुरुजींना कळते. गोवर्धन उचलला तो करंगळीवर. आणि नुसत्या ‘बोटा’चे वाक्प्रचार तर किती सांगावे! बोट दाखविणे, बोटावर नाचविणे, तोंडात बोट घालणे, बोट दिले की हात धरणे, बोटावर मोजण्याइतके, पाची बोटे सारखी नसणे, शिवाय वर्तमानपत्रांचे लाडके बोटचेपे धोरण. ह्या साऱ्या पसाऱ्यात तर्जनी, मध्यमा किंवा अनामिका एकदा तरी भेटते का? कोणी कोणाला ‘तर्जनीवर नाचवीत’ नाही. दटावतानासुद्धा आपण तर्जनी नाचवीत नाही, बोटच नाचवितो.

कोवळ्या कोहळ्याला किंवा भोपळ्याला बोट दाखवू नये, दाखविल्यास तो कुजून गळतो, अशी समजूत आमच्याकडे आहे. दाखवायचेच तर बोट वाकवून दाखवायचे. ही समजूत फार दूरवर पसरलेली असावी, कारण तुलसीदासांच्या रामचरितमानसात लक्ष्मण परशुरामाला उत्तर देताना तिचा आधार घेतो. पण तुलसीदास पंडित. त्यांचा लक्ष्मण ‘तर्जनी’ म्हणतो. आमच्या परसातल्या भोपळ्याला नुसत्या बोटाची भीती वाटते.

तेव्हा हिशेब असा झाला: पाच बोटे, त्यांपैकी स्वतःचे नाव असलेली दोनच, आणि तीही दोन टोकांची. मधली तीन शेजाऱ्यांच्या आधाराने ओळखली जातात. अंगठ्याकडले, मधले आणि करंगळीकडले. ही आजीची पद्धत अडाणी होती असे मला आता वाटत नाही.

आता ‘बोट’ हाच शब्द पाहू. मराठी विभागाबरोबर कन्नड विभागही असलेल्या नियतकालिकात तर तो टाळताच येणार नाही. हा शब्द संस्कृतातून सरळ काढता येत नाही. अंगुलीपासून तो येऊच शकत नाही. मग शेजारी पाहिले पाहिजे. कन्नडमध्ये बोटाला नेहमीचा शब्द ‘बेरळु’. तो तमिळ व मलयाळम ‘विरल्’चा सख्खा भाऊ; कन्नडने आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ केला एवढेच. पण त्याच्या जोडीला कन्नडमध्ये ‘बोट्टु’ हाही शब्द आहे. एखादी गोष्ट बोटाने दाखवून देणे ह्याला ‘बोट्टु माडि तोरिसु’ म्हणतात. आणि अंगठ्याच्या ‘हेब्बेरळु’ व ‘हेब्बेट्टु’ ह्या दोन नावांपैकी दुसऱ्यात ‘बेट्टु’ लपलेला आहे. त्यातला ‘हे’ म्हणजे थोरला. जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, जसे ‘पालु’चे ‘हालु’ म्हणजे दूध. निरक्षर माणसाला आपण अंगठाबहाद्दर म्हणतो तसे कन्नडमध्येही ‘हेब्बेट्टु’ म्हणून चिडवितात, हे मला वसतिगृहातल्या धारवाडकडच्या मित्राने सांगितले, आणि आम्ही दोघेही हसलो. सरकारी कागदाने दोन्हीकडच्या गरिबांना एकच नाव दिले!

पण ह्याच ‘बोट्टु’ शब्दाचा कन्नडमध्ये दुसरा अर्थ आहे: ठिपका, कपाळावरची टिकली. तेलुगूतही ‘बोट्टु’, तमिळमध्ये ‘पोट्टु’. हा अर्थ दक्षिणेत सर्वत्र आहे. मग ठिपका आणि बोट ह्यांचा संबंध काय? मला वाटते, ह्याचे उत्तर मराठीनेच जपून ठेवले आहे. आपण ‘मधाचे बोट लावणे’ म्हणतो. तेथे बोट म्हणजे अवयव नव्हे, बोटाच्या टोकाला मावेल एवढा मध. पानाला ‘चुन्याचे बोट’ लावतो. सुवासिनीला हळदीकुंकवाचे बोट लावतो. म्हणजे बोटाने उठणारा ठिपका आणि ठिपका उठविणारे बोट हे दोन्ही एकाच शब्दात आहेत. कुंकू लावणाऱ्या हाताकडे पाहिले की हे नाते डोळ्यांना दिसते. हा माझा तर्क आहे, कोशकारांचा निर्णय नव्हे. शब्द कन्नडकडून मराठीकडे आला की मराठीकडून तिकडे गेला, ह्यावर मी पैज लावणार नाही. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांचे शिलालेख कन्नडमध्ये आहेत. देणेघेणे आठशे-हजार वर्षांचे आहे, आणि शेजाऱ्यांच्या अशा हिशेबात उसनी वाटी कोणाची हे शेवटी कोणालाच आठवत नाही. एवढे मात्र खरे की मराठीतला इतका जवळचा शब्द ह्या अंकाच्या दोन्ही विभागांना सामाईक आहे.

कन्नडची पाच नावेही पाहण्यासारखी आहेत. अंगठ्याचे वर आलेच. बाकीची तोरुबेरळु, नडुबेरळु, उंगुरबेरळु, किरुबेरळु, म्हणजे दाखविण्याचे, मधले, अंगठीचे आणि लहान. कोणालाही न शिकविता कळावीत अशी. संस्कृतातली तर्जनी धमकावते, कन्नडमधली नुसती दाखविते. स्वभावातला हा फरक मला आवडतो.

अंगठीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मराठीतली ‘अंगठी’ आणि हिंदीतली ‘अँगूठी’ ह्या अंगुष्ठाच्याच लेकी. घालतो मात्र आपण ती अनामिकेत. कोकणीत तिला ‘मुदी’ म्हणतात, ती ‘मुद्रिके’ची. ह्याच घराण्याची इराणी शाखा तर आणखी वेगळी गेली. फारसीत ‘अंगुश्त’ म्हणजे कोणतेही बोट. शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात जे अंगुस्तान घालतो, ते ह्या शाखेतून आपल्याकडे आले. एकच मूळ शब्द, एका घरी अंगठा झाला, दुसऱ्या घरी बोट आणि तिसरीकडे दागिना.

मोजमापांत मात्र बोटांची जुनी व्यवस्था बरीच टिकली. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट ताणले की होते ते माप अमरकोशात ‘प्रादेश’ म्हणून येते. आपण त्याला टीच म्हणतो. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची बारा अंगुळांची ‘वितस्ति’ झिजून वीत झाली. मधल्या बोटापर्यंतचा ‘ताल’ आणि अनामिकेपर्यंतचे ‘गोकर्ण’ ही मापे मात्र मराठीत उतरली नाहीत. येथेही अनामिकाच मागे राहिली, हे लक्षात घ्यावे.

तर आता ती अनामिका. तिला नाव का नाही? एक गोष्ट पंडितांत लाडकी आहे. पूर्वी कवींची गणना करताना करंगळीवर कालिदासाला बसविले, आणि त्याच्या तोडीचा दुसरा कवी न सापडल्यामुळे पुढच्या बोटाला कोणाचेच नाव मिळेना. म्हणून ती अनामिका हे नाव सार्थ झाले. गोष्ट कालिदासाच्या स्तुतीसाठी रचलेली आहे, व्युत्पत्तीसाठी नव्हे. तिच्यातून एवढेच कळते की आपल्याकडे मोजणी करंगळीपासून सुरू होते. आजीही तशीच मोजे. अंगठ्याचे टोक एकेका पेरावर ठेवीत, चार बोटांची बारा पेरे. दुसरी कथा अशी सांगतात की शंकराने ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक ह्या बोटाने छेदले, म्हणून त्याचे नाव घेत नाहीत आणि त्याच्या शुद्धीसाठी धर्मकृत्यात त्यात दर्भाचे पवित्रक घालतात.

परंतु ह्या दोन्ही कथांना एक अडचण आहे. हे बोट निनावी केवळ आपल्याकडेच नाही. रशियन भाषेत त्याचे नाव ‘बिनानावाचे’ असेच आहे, लिथुआनियनमध्येही तेच. ह्या दोन्ही भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातल्या म्हणून सोडून देऊ; पण फिनलंडची फिनिश आणि चिनी ह्या तर वेगळ्याच कुळांतल्या, आणि त्यांतही ते ‘नाव नसलेले बोट’च आहे. तेथे ना कालिदास, ना ब्रह्मदेव. इतरत्र त्याला कामावरून नाव मिळाले आहे. इंग्रजीत अंगठीचे बोट, जपानीत औषधाचे बोट. लॅटिनमध्येही वैद्याचे, औषधाचे बोट असे एक नाव होते.

ह्याची दोन कारणे संभवतात. एक भीतीचे. औषध कालविणारे, मंत्राचे, पवित्रकाचे बोट. त्याचे खरे नाव उच्चारू नये. रात्री सापाला आपण ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणतो त्यातलाच प्रकार. दुसरे कारण निष्काळजीपणाचे. त्या बोटाला स्वतःचे असे काम नाही, म्हणून नावाची गरजच पडली नाही. वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. तळहात टेबलावर पालथा ठेवावा, मधले बोट दुमडून आत घ्यावे आणि उरलेली चार एकेक करून उचलावीत. अंगठा उठतो, दाखविण्याचे बोट उठते, करंगळीही उठते. अनामिका जागची हलत नाही. हाताच्या पाठीवरून बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या एकमेकींना आडव्या धाग्यांनी जोडलेल्या असतात, आणि मधली खाली खेचलेली असली की हिला एकटीने उठता येत नाही. देवाला गंध लावण्याचा मान तिला दिलेला आहे खरा, पण तेवढे सोडले तर ती शेजारणींच्या संगतीनेच काम करते.

ह्या दोन कारणांपैकी आपल्या मराठीपुरता तरी मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि माझा साक्षीदार म्हणजे मुलांचे एक गाणे. बाळाचा हात हातात घेऊन करंगळीपासून सुरुवात करीत, मनगट, कोपर, खांदा असे वर वर चढत जाणारे ते गाणे महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. त्यात दाखविण्याच्या बोटाचे नाव आहे ‘चाफेकळी’. तर्जनीसारख्या दरडावणाऱ्या बाईला मुलांच्या राज्यात इतके सुंदर नाव मिळावे! आणि आपल्या निनावी बोटाचे नाव तेथे आहे ‘मरंगळी’. ह्या शब्दाला अर्थ काही नाही. करंगळीच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘म’ घातला, झाले. आपण चहाबिहा म्हणतो, कन्नडमध्ये जेवणाला ‘ऊट-गीट’ म्हणतात, तशीच ही जोडी. बिहा म्हणजे काय, गीट म्हणजे काय, असे कोणी विचारीत नाही; पहिल्या शब्दाचा तो पडसाद असतो. पंडितांनी ज्या बोटाला ‘नाव नसलेली’ म्हटले, त्याला मुलांनी शेजारणीच्या नावाचा पडसाद दिला, आणि माझ्या आजीने ‘करंगळेकडलें’ म्हटले. तिघांचे म्हणणे एकच आहे. ज्याची भीती वाटते त्याला कोणी मरंगळी म्हणत नाही.

बोटांच्या नावांचा हा नाद केवळ आपल्यालाच आहे असे नाही. ऑक्सफर्डचे एक प्राध्यापक, जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३), ह्यांनी आपल्या कादंबऱ्यांतल्या ‘एल्फ’ नावाच्या, आपल्या यक्षगंधर्वांसारख्या लोकांसाठी अनेक भाषा रचल्या. नुसते शब्द नव्हेत, तर मूळ धातू, त्यांपासून निघालेल्या शाखा, आणि प्रत्येक शाखेत अक्षरे कशी पालटली ह्याचे नियमसुद्धा. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी हात, बोटे आणि अंक ह्यांवर लांबलचक टिपणे लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर २००५ साली छापली गेली. त्यांच्या क्वेन्या ह्या भाषेत बोट म्हणजे ‘लेपेर’ आणि पाच म्हणजे ‘लेंपे’. दोन्ही एकाच धातूची लेकरे. ही कल्पना हवेतली नाही. इंग्रजीतला ‘फिंगर’ हा शब्दही आपल्या ‘पंच’च्या मूळ शब्दावरूनच निघाला असावा, असे पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण मला त्या टिपणांत अधिक रुचले ते वेगळेच. एवढा नियमांचा डोलारा उभारल्यावर त्यांना मुलांच्या खेळातली वेगळी नावेही द्यावीशी वाटली. अंगठा बाबा, शेजारचे बोट आई, मधले मुलगा, करंगळी तान्हे बाळ. आणि अनामिकेच्या जागी? तेथे मुलगी आहे. आजीने मला विचारले होते, “तें खंयचें चेडूं?” चेडूं म्हणजे मुलगीच की!

अर्थात टॉल्किन ह्यांना आपले शब्द एकट्याने बसून घडवावे लागले. आपल्याकडे ते गावोगाव पडलेले आहेत, आणि कोशात गेलेले फार थोडे आहेत. मरंगळी किती कोशांत सापडेल? पायाच्या बोटांचा तर मी विचारच केलेला नाही. जोडवी ज्या बोटात घालतात त्याला तुमच्या घरी काय म्हणतात? कन्नडमध्ये त्या दागिन्याला ‘कालुंगुर’, म्हणजे पायाची अंगठी, म्हणतात. पण ज्या बोटात ते असते त्या बोटाचे काय?

मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांना विनंती आहे की सुट्टीत घरी गेल्यावर आजीसमोर हात पसरावा आणि एकेक बोट पुढे करून नाव विचारावे. ‘अनामिका’ किंवा ‘तर्जनी’ हा शब्द आपण आधी उच्चारू नये. नाहीतर ती आपलाच शब्द आपल्याला परत देईल. जे ऐकू येईल ते गावाच्या व तालुक्याच्या नावासह, उच्चार जसाच्या तसा ठेवून लिहून आणावे. इब्रामपूरचे तीन शब्द मी वर दिलेलेच आहेत: आंगठो, मधलें, करंगळेकडलें.